ब्रेक्झिट आणि ब्रिटिश संसदेतली रस्सीखेच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रेक्झिट म्हणजे ब्रिटनने युरोपियन युनियनमधून बाहेर पडणं. त्याची २०१६ ची जनमताची रात्र सगळ्यांना आठवते, २०२० साली "एकदाचे बाहेर पडले" हेही आठवतं, पण मधली साडेतीन वर्षं लंडनमध्ये नक्की काय चाललं होतं विचारलं की बहुतेक जण "काहीतरी रोज मतदान व्हायचं" एवढ्यावर थांबतात. त्यांच्यासाठी हे पान. पाऊंड, व्हिसा, व्यापार वगैरे इथे नाही, फक्त संसदेतली मारामारी.

लोकांनी मत देऊन ठरवलं ना बाहेर पडायचं, मग संसद मध्ये कुठून आली?

२३ जून २०१६ ला ५१.९ टक्के लोक म्हणाले बाहेर पडा, ४८.१ टक्के म्हणाले राहा. आकड्यात सांगायचं तर १ कोटी ७४ लाख विरुद्ध १ कोटी ६१ लाख, म्हणजे फरक फार मोठा नाही पण अगदी काठावरचाही नाही. कायद्याने बघितलं तर हे जनमत सरकारवर बंधनकारक नव्हतं, सल्ला होता, पण तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरून यांच्या सरकारने आधीच छातीठोकपणे सांगून ठेवलेलं की निकाल जो लागेल तो आम्ही अमलात आणू, त्यामुळे मागे फिरायची सोय नव्हती. खरी गोची वेगळीच होती. मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते, राहायचं की निघायचं. कसं निघायचं, काय सोडायचं, काय ठेवायचं याबद्दल एक अक्षर नाही. सोसायटीच्या मीटिंगला रिडेव्हलपमेंट करायचं हे मेजॉरिटीने पास होतं आणि मग कुठला बिल्डर, किती कार्पेट, भाडं किती यावर चार वर्षं भांडण चालतं, तसंच झालं. त्यात स्वतः खासदारांपैकी बहुसंख्य लोक "राहा" या बाजूचे होते, म्हणजे ज्यांना पटलेलं नाही त्यांनीच ते पार पाडायचं.

कसं निघायचं म्हणजे? निघायचं ते निघायचं!

हेच वाक्य तिकडे पण खूप जण म्हणायचे. पण प्रकार होते. एक, युनियन सोडायची पण सिंगल मार्केटमध्ये, म्हणजे समान नियमांच्या सामायिक बाजारपेठेत राहायचं, नॉर्वेसारखं. दोन, निदान कस्टम्स युनियनमध्ये राहायचं, म्हणजे आपसात जकात नाही आणि बाहेरच्यांना सगळ्यांची एकच जकात. तीन, दोन्ही सोडून साधा व्यापार करार करायचा. चार, करारबिरार काही नाही, तारीख आली की सरळ दार ओढून निघून जायचं, ज्याला नो डील म्हणायचे. आणि पाचवा म्हणजे पुन्हा एकदा जनमत घ्या. प्रत्येक पर्यायाच्या मागे खासदारांचा एक गट, आणि प्रत्येक गटाला दुसऱ्याचा पर्याय म्हणजे गद्दारी वाटायची.

गीना मिलर हे नाव सारखं येतं, त्या कोण?

लंडनमधल्या एक उद्योजिका. युनियन सोडायची तर कराराच्या कलम ५० खाली नोटीस द्यावी लागते आणि नोटीस दिली की दोन वर्षांचं घड्याळ सुरू होतं. कॅमेरून यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या थेरेसा मे यांच्या सरकारचं म्हणणं होतं की ही नोटीस आम्ही राजाच्या विशेषाधिकारात, म्हणजे संसदेला न विचारता देऊ. मिलरबाई कोर्टात गेल्या. आधी हायकोर्टात जिंकल्या, तेव्हा 'डेली मेल'ने न्यायाधीशांचे फोटो छापून पहिल्या पानावर त्यांना जनतेचे शत्रू ठरवलं. मग २४ जानेवारी २०१७ ला सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध ३ असा निकाल दिला की कायदा केल्याशिवाय नोटीस देता येणार नाही. गंमत म्हणजे कायदा लगेच झालासुद्धा, दुसऱ्या वाचनाला ४९८ विरुद्ध ११४, आणि २९ मार्च २०१७ ला नोटीस गेली. म्हणजे निकालाने थांबलं काहीच नाही, पण "संसदेला विचारावं लागेल" ही गोष्ट कागदावर आली. पुढची सगळी भांडणं त्याच जोरावर झाली.

मेबाईंना बहुमत होतं ना, मग मध्येच निवडणूक का घेतली?

हात दाखवून अवलक्षण. पोलमध्ये प्रचंड पुढे दिसत होत्या, वाटलं बहुमत वाढवून घेऊ म्हणजे स्वतःच्याच पक्षातल्या लोकांची मनधरणी करायला नको. ८ जून २०१७ ला मतदान झालं आणि ६५० पैकी ३१७ वर अडकल्या, होतं तेही बहुमत गेलं. मग उत्तर आयर्लंडच्या डीयूपी नावाच्या छोट्या पक्षाच्या १० खासदारांचा टेकू घेतला, त्या बदल्यात उत्तर आयर्लंडला १ अब्ज पाऊंड जास्तीचे. आणि नेमका उत्तर आयर्लंड हाच सगळ्या कराराचा नाजूक भाग निघाला. नशीब म्हणतात ते हे.

उत्तर आयर्लंडचं नेमकं काय दुखणं होतं?

आयर्लंड बेटाच्या दक्षिणेला स्वतंत्र आयर्लंड, तो युनियनमध्येच राहणार. उत्तरेला ब्रिटनचा तुकडा, तो बाहेर पडणार. मध्ये साधारण ५०० किलोमीटरची सीमा, जिच्यावर आज ना नाकं ना पोलीस, कारण १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर तिथला हिंसाचार थांबला आणि चौक्या उठल्या. आता दोन वेगळ्या बाजारपेठांच्या मध्ये कुठेतरी तपासणी लागणारच. जमिनीवर नको असेल तर मग समुद्रात, म्हणजे ब्रिटनच्याच दोन भागांमध्ये. मे सरकारने तोडगा काढला तो बॅकस्टॉप: दुसरा काही मार्ग सापडेपर्यंत अख्खं ब्रिटन युनियनच्या कस्टम्समध्ये राहील आणि उत्तर आयर्लंड युनियनचे काही जास्तीचे नियमही पाळेल. कट्टर ब्रेक्झिटवाले म्हणाले हे तर कायमचं अडकणं आहे, डीयूपी म्हणाली आम्हाला वेगळे नियम का.

मीनिंगफुल व्होट म्हणजे काय?

१३ डिसेंबर २०१७ ला मेबाईंच्याच पक्षाच्या डॉमिनिक ग्रीव्ह यांनी एक दुरुस्ती आणली आणि ती ३०९ विरुद्ध ३०५ ने पास झाली. मथितार्थ असा की सरकार ब्रसेल्सशी, म्हणजे युनियनशी, जो करार करेल तो संसदेच्या मंजुरीशिवाय लागू करता येणार नाही. चार मतांची ही दुरुस्ती झाली नसती तर पुढचं महाभारत घडलंच नसतं असं माझं मत आहे, कारण सरकारला सही करून मोकळं होता आलं असतं.

मग तो करार इतक्या जोरात का आपटला?

मुळात मतदान डिसेंबर २०१८ मध्ये होणार होतं, हरणार हे दिसल्यावर मेबाईंनी आयत्या वेळी पुढे ढकललं. त्याआधीच्या आठवड्यात सरकारने कायदेशीर सल्ला दडवला म्हणून कॉमन्सने, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाने, सरकारलाच संसदेच्या अवमानाबद्दल दोषी ठरवलं होतं, ३११ विरुद्ध २९३, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. मग स्वतःच्या पक्षात अविश्वास ठराव, त्यात २०० विरुद्ध ११७ ने वाचल्या. अखेर १५ जानेवारी २०१९ ला मतदान झालं: बाजूने २०२, विरोधात ४३२. २३० मतांनी पराभव! आधुनिक काळातला कुठल्याही ब्रिटिश सरकारचा सगळ्यात मोठा, याआधी १९२४ मध्ये मॅकडोनल्ड सरकार १६६ ने हरलं होतं. मेबाईंच्या पक्षाचे ११८ खासदार विरोधात गेले.

गंमत बघा, विरोधात कोण कोण होतं. करार फारच मऊ आहे म्हणणारे जेकब रीस-मॉग आणि त्यांचा ईआरजी गट (मेबाईंच्याच पक्षातले कट्टर ब्रेक्झिटवाले), करार फारच कडक आहे म्हणणारे मुख्य विरोधी पक्षाचे लेबरवाले, ब्रेक्झिटच नको म्हणणारे स्कॉटिश नॅशनल पार्टी आणि लिबरल डेमोक्रॅट, शिवाय सरकारचा टेकू असलेली डीयूपी. एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं मत द्यायला एकाच लॉबीत, म्हणजे सभागृहाबाहेरच्या एकाच दालनात उभी. त्या रात्रीची एक गोष्ट म्हणजे लेबरच्या ट्युलिप सिद्दिक यांनी सिझेरियन पुढे ढकललं आणि व्हीलचेअरवर मत द्यायला आल्या, कारण तिथे स्वतः लॉबीतून चालत गेल्याशिवाय मत धरत नसत. त्यानंतर काही दिवसांतच बाळंतपणाच्या खासदारांसाठी दुसऱ्याने मत द्यायची सोय झाली. कधीकधी एवढी लाज वाटल्याशिवाय नियम हलत नाहीत.

एवढं हरल्यावर सरकार पडलं कसं नाही?

दुसऱ्याच दिवशी लेबरचे नेते जेरेमी कॉर्बिननी अविश्वास ठराव आणला, तो ३२५ विरुद्ध ३०६ ने पडला. आदल्या रात्री करार फाडणारे तेच लोक दुसऱ्या दिवशी सरकार वाचवायला हजर. पूर्वी एवढा महत्त्वाचा ठराव हरलं की सरकार गेल्यातच जमा असायचं, पण २०११ च्या फिक्स्ड टर्म कायद्याने नियम बदललेला: सरकार पाडायचं तर थेट अविश्वासाचाच ठराव हवा आणि मुदतीआधी निवडणूक घ्यायची तर सभागृहाच्या दोन तृतीयांश, म्हणजे ४३४ मतं हवीत. त्यामुळे सरकार सत्तेत होतं पण काहीही पास करू शकत नव्हतं, आणि विरोधकांना पाडताही येत नव्हतं. सगळं घोडं इथेच अडलं.

स्पीकर बर्को एवढे फेमस का झाले?

"ऑर्डर!" ओरडण्याच्या स्टाइलमुळे यूट्यूबवर झाले, पण खरं कारण वेगळं. तिथे स्पीकर झाला की पक्ष सोडावा लागतो, आपल्याकडे स्पीकर कुठल्या पक्षाचा हे सगळ्यांना माहीत असतं तसं नाही. बर्को मूळचे कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे मेबाईंच्याच पक्षाचे. ९ जानेवारी २०१९ ला त्यांनी ग्रीव्ह यांची एक दुरुस्ती मताला घेतली, जी प्रथेप्रमाणे घ्यायला नको होती असं सरकारचं म्हणणं. आणि १८ मार्चला सांगून टाकलं की तोच ठराव त्याच अधिवेशनात पुन्हा पुन्हा आणता येणार नाही, आधार काय तर १६०४ सालची परंपरा! मेबाईंचा प्लॅनच असा होता की घड्याळ पुढे जाईल तशी माणसं घाबरतील आणि तोच करार तिसऱ्यांदा पास होईल. बर्कोंनी त्यात पाचर मारली. पक्षपाती होते का? थोडे होते असं मला वाटतं, पण सरकारने संसदेला जे गृहीत धरलेलं ते बघता कोणीतरी ठणकावायला हवंच होतं.

खासदारांनी "कामकाज ताब्यात घेतलं" म्हणजे केलं काय?

हा सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे आणि बातम्यांत यावरून सगळ्यात कमी बोललं गेलं. कॉमन्सच्या नियमांत स्टँडिंग ऑर्डर १४ म्हणून एक कलम आहे, त्यानुसार सभागृहात आज काय चर्चेला येणार हे सरकार ठरवतं. म्हणजे बहुमत तुमच्याकडे असेल पण विषयच अजेंड्यावर आला नाही तर ते बहुमत चाटायचं का? वेळ ज्याच्या हातात, सत्ता त्याच्या हातात. ब्रेक्झिटची लढाई वरवर कराराची होती, आतून ती वेळापत्रकाची होती.

तर २५ मार्च २०१९ ला ऑलिव्हर लेटविन, हेही कॉन्झर्व्हेटिव्हच, यांनी दुरुस्ती आणली की अमुक दिवशी हा नियम बाजूला ठेवा आणि त्या दिवशीचा अजेंडा मागच्या बाकावरचे, म्हणजे मंत्रिपद नसलेले खासदार ठरवतील. ३२९ विरुद्ध ३०२ ने पास. मग ३ एप्रिलला लेबरच्या इव्हेट कूपर आणि लेटविन यांनी एक विधेयक एका दिवसात कॉमन्समधून काढलं, नो डील टाळायला मुदतवाढ मागायला लावणारं. शेवटचं मतदान ३१३ विरुद्ध ३१२. एका मताने! त्याच दिवशी दुसऱ्या एका दुरुस्तीवर ३१० विरुद्ध ३१० असा टाय झाला, जो १९९३ नंतर पहिल्यांदाच, आणि स्पीकरने प्रथेप्रमाणे विरोधात मत टाकलं. सरकार हातावर हात ठेवून बघत बसलेलं आणि विरोधक कायदे करतायत, ब्रिटिश पद्धतीत हे उलटंच होतं.

मग अजेंडा हातात होता तर त्यांनीच एक पर्याय निवडून मोकळं व्हायचं ना?

प्रयत्न केला हो. २७ मार्चला आठ पर्याय ठेवले, कागदावर प्रत्येकासमोर हो किंवा नाही लिहायचं. आठच्या आठ पडले. १ एप्रिलला परत चार पर्याय, कस्टम्स युनियनचा प्रस्ताव २७३ विरुद्ध २७६, फक्त तीन मतांनी गेला. निक बोल्स नावाचे खासदार तिथल्या तिथे उभे राहिले आणि माझा पक्ष तडजोड करायलाच तयार नाही म्हणून पक्ष सोडून चालते झाले. दुसरं जनमत हवं असणाऱ्यांपैकी थोड्यांनी जरी त्या रात्री कस्टम्स युनियनला हात दिला असता तर बहुतेक तिथेच मिटलं असतं. पण प्रत्येकाला वाटत होतं थोडं ताणलं की आपलंच घोडं पुढे जाईल. संसदेचं कौतुक करणारे लोक ही रात्र विसरतात. नकाराला बहुमत रोज मिळायचं, होकाराला एकदाही नाही.

मधल्या काळात मेबाईंचा करार दोनदा अजून पडला, १२ मार्चला १४९ मतांनी आणि २९ मार्चला, म्हणजे मूळ बाहेर पडायच्या तारखेलाच, ५८ मतांनी. तिसऱ्या वेळी "पास करा, मी राजीनामा देते" असंही सांगून झालं होतं, तेव्हा बोरिस जॉन्सन आणि रीस-मॉग यांनी बाजूने मत दिलं. तारीख आधी १२ एप्रिल, मग ३१ ऑक्टोबर. मेबाई जुलैमध्ये पायउतार, त्यांच्या जागी जॉन्सन पंतप्रधान.

तिथे आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा नाही का?

नाही. आपल्याकडे १९८५ पासून दहावी अनुसूची आहे, व्हिप मोडला तर खासदारकीवर गदा येते (आणि तरी महाराष्ट्रात २०२२ मध्ये काय झालं ते आपण बघितलंच). तिकडे व्हिप मोडला तर फार तर पक्ष काढून टाकेल, खासदारकी शाबूत. म्हणूनच हे सगळं नाट्य शक्य झालं. ३ सप्टेंबर २०१९ ला जॉन्सन भाषण करत असताना फिलिप ली नावाचा त्यांचा खासदार सरळ उठून समोरच्या बाकावर लिबरल डेमोक्रॅट्समध्ये जाऊन बसला, आणि तेवढ्यात सरकारचं बहुमत संपलं. त्याच रात्री अजेंडा पुन्हा ताब्यात घ्यायचा ठराव ३२८ विरुद्ध ३०१ ने पास झाला आणि जॉन्सननी पक्षाचे २१ खासदार एका फटक्यात बाहेर काढले. त्यात माजी अर्थमंत्री केन क्लार्क आणि फिलिप हॅमंड, चर्चिलचा नातू निकोलस सोम्स, असली माणसं. दहा जणांना ऑक्टोबरअखेर परत घेतलं.

जॉन्सनने संसदच बंद केली होती ती काय भानगड?

अधिवेशन गुंडाळणं ही तशी दरवर्षीची गोष्ट, काही दिवसांचा प्रकार. जॉन्सननी २८ ऑगस्टला राणीकडे सल्ला पाठवला आणि थेट पाच आठवडे बंद, १४ ऑक्टोबरपर्यंत. म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या आधी खासदारांच्या हातात जेमतेम दिवस उरणार. परत तोच मुद्दा, वेळ! विरोधकांनी संसद बंद व्हायच्या आधीच घाई करून बेन कायदा (मांडणारे लेबरचे हिलरी बेन, म्हणून हे नाव) पास केला: १९ ऑक्टोबरपर्यंत करार मंजूर नाही झाला तर पंतप्रधानाने ३१ जानेवारी २०२० पर्यंत मुदतवाढ मागायलाच पाहिजे. लॉर्ड्समध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, हे विधेयक बोलून बोलून मारायचा डाव होता, तेव्हा एक लॉर्ड मुक्कामाच्या तयारीने दुलई घेऊनच आले. मध्यरात्रीनंतर सरकारने माघार घेतली.

आणि २४ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाच्या अकराच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की हे गुंडाळणं बेकायदेशीर, म्हणजे ते झालंच नाही असं समजा. निकाल वाचणाऱ्या लेडी हेल यांच्या कोळ्याच्या ब्रोचवर लोकांनी जास्त चर्चा केली. दुसऱ्या दिवशी संसद भरली. केस कोणाची? परत गीना मिलर, सोबत स्कॉटलंडमधली दुसरी एक केस.

राणीने नाही म्हणायला हवं होतं का?

पंतप्रधानाचा सल्ला मानायचा हाच तिथला रिवाज. तिला मध्ये ओढलं याचाच अनेकांना राग होता.

सही न केलेल्या पत्राची गोष्ट खरी आहे का?

खरी. मुदतवाढ मागण्यापेक्षा खड्ड्यात मरून पडेन असं जॉन्सन म्हणून बसलेले. १७ ऑक्टोबरला त्यांनी नवा करार आणला, ज्यात बॅकस्टॉप काढून तपासणी समुद्रात ढकलली. नोव्हेंबर २०१८ मध्ये डीयूपीच्या अधिवेशनात जाऊन असलं काही कुठलंही कॉन्झर्व्हेटिव्ह सरकार करणार नाही म्हणून टाळ्या घेतल्या होत्या, ती गोष्ट सोयीस्कर विसरले. १९ ऑक्टोबर शनिवार, फॉकलंड युद्धानंतर पहिल्यांदाच शनिवारी सभागृह बसलं. लेटविननी परत दुरुस्ती आणली की आधी सगळा कायदा पास करा मग मंजुरी, ३२२ विरुद्ध ३०६, आणि डीयूपीच्या १० मतांनी पारडं फिरवलं. मग रात्री ब्रसेल्सला मुदतवाढीच्या पत्राची बिनसहीची प्रत गेली, आणि सोबत सही केलेलं दुसरं पत्र की मुदतवाढ ही चूक आहे.

शेवटी सुटलं कसं?

२२ ऑक्टोबरला जॉन्सनच्या कराराचं विधेयक दुसऱ्या वाचनाला ३२९ विरुद्ध २९९ ने पास झालं. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा एका ठोस कराराला बहुमत! पण पंधरा मिनिटांत पुढचं मतदान, की हे तीन दिवसांत उरका, ते ३०८ विरुद्ध ३२२ ने पडलं. म्हणजे करार चालेल, वेळापत्रक नाही. जॉन्सननी विधेयक थांबवलं आणि निवडणूक मागितली. सप्टेंबरपासून ४३४ मतांचा टप्पा तीनदा चुकला, मग युक्ती केली: निवडणुकीच्या तारखेचा साधा कायदाच आणला, त्याला साधं बहुमत पुरतं. २९ ऑक्टोबरला ४३८ विरुद्ध २० ने पास. १२ डिसेंबरला जॉन्सनना ३६५ जागा, ८० चं बहुमत. त्याच निवडणुकीत ग्रीव्ह, माजी मंत्री डेव्हिड गॉक, अशा कॉन्झर्व्हेटिव्ह बंडखोरांपैकी जे अपक्ष उभे राहिले ते सगळे पडले. ३१ जानेवारी २०२० ला रात्री ११ वाजता, आपल्याकडे पहाटे साडेचार, ब्रिटन बाहेर.

स्कॉटलंडने नाही म्हटलं होतं ना?

६२ टक्के "राहा". त्यांच्या संसदेने संमतीही नाकारली, लंडनने तरी कायदा केला. संमती मागणं हा संकेत आहे, सक्ती नाही, हे मिलर निकालातच लिहिलंय.

गोव्याच्या लोकांचा यात काय संबंध?

मोठा आहे. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, आणि पोर्तुगीज पासपोर्ट म्हणजे युरोपियन युनियनचा पासपोर्ट. त्यावर हजारो गोवेकर ब्रिटनमध्ये गेले, स्विंडन आणि लंडनमधल्या साऊथॉल भागात वस्त्याच झाल्या. स्विंडनने मात्र ब्रेक्झिटच्या बाजूने मत दिलं. संसदेत प्रत्येक वेळी तारीख पुढे ढकलली की या घरांमध्ये "अजून माणसं आणता येतील का" याचा हिशोब बदलायचा, कारण करार झाला तर ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची मुभा, नो डील झालं तर काय याची खात्री नाही. आधीपासून राहणाऱ्यांना सेटलमेंट स्कीममध्ये, म्हणजे ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क टिकवायच्या योजनेत, अर्ज करायला ३० जून २०२१ ची मुदत मिळाली.

असा पेच परत होऊ शकतो का?

तसाच नाही. २०२२ मध्ये फिक्स्ड टर्म कायदा रद्द झाला, आता पंतप्रधान कधीही राजाकडे जाऊन निवडणूक मागू शकतो, आणि नव्या कायद्यात लिहूनच ठेवलंय की संसद विसर्जित करण्याबद्दल कोर्टाने प्रश्न विचारायचा नाही. अधिवेशन गुंडाळण्याला मात्र ती ढाल नाही, तिथे २०१९ चा निकाल अजून लागू आहे. आणि स्टँडिंग ऑर्डर १४ जिथल्या तिथे आहे, आजचा अजेंडा आजही सरकारच ठरवतं.